बाबलचं टेस्टिंग

ज्याला दुसऱ्याच्या घरात शिडीवर चढावं लागतं, त्याच्याकडे किस्से आपोआप साठतात. शिडीवर चढून डोकं छतात घातलं, की खालच्यांच्या लेखी तो माणूस घरात नसतोच. मग ते मोकळेपणाने भांडतात, सुनेबद्दल बोलतात, आणि आम्ही वर वायर ओढत ऐकत राहतो.

मालवणात आमचं छोटं दुकान आहे. किनाऱ्यावरचे होमस्टे आणि मुंबईकरांचे नवे बंगले, यांच्या छतात आणि बागेत आम्ही स्पीकर बसवतो. एका मोबाईलवरून सगळ्या घरात गाणं, असा मामला. गिऱ्हाइकाशी बोलणं माझ्याकडे, छत कापणं आणि वायरिंग माझा पार्टनर बाबल याच्याकडे. त्यामुळे किस्सेही बहुतेक बाबलचेच.

* * *

स्पीकर बसवून झाले की इतर लोक गाणं लावून बघतात. बाबल गाऱ्हाणं घालतो. आमच्याकडे काहीही सुरू करायचं तर जाणत्या माणसाने देवापुढे मोठ्याने मागणं मागायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, ही रीत. बाबल हे सगळं आतल्या खोलीत दार लावून, माइकवरून करतो.

शिरोड्याच्या एका बंगल्यात मुंबईचे मालक सोफ्यावर बसून गाण्याची वाट बघत होते. छतातून आवाज आला, “बा देवा म्हाराजा! आज ह्या घरात जी वायर ओढली हा, तिका उंदरा-घुशींपासून सांभाळ रे म्हाराजा!”

स्वयंपाकघरातल्या बाई भांडी घासता घासता म्हणाल्या, “व्हय म्हाराजा.” कुंपण बांधणारा गवंडीही तेच म्हणाला. शेजारच्या बागेत माडावर नारळ पाडायला चढलेला पाडेली होता, तोही वरून ओरडला, “व्हय म्हाराजा!”

“हे काय आहे?” मालकांनी मला विचारलं.

“रेंज टेस्टिंग,” मी म्हटलं.

बागेतला स्पीकर कुठवर पोचतो, हे तेव्हापासून आम्ही पाडेल्याला विचारूनच ठरवतो.

* * *

यावरून कुणालाही वाटेल की बाबल भलताच धीट. छे. चार माणसं तोंडाकडे बघायला लागली की त्याला पाठ असलेलंही आठवत नाही. आणि गंमत अशी, की गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्याच घराकडे! त्याचे वडील, आबा, जन्मभर घालत आले. यंदा त्यांचा आवाज बसला तो उठलाच नाही. जत्रेला बाबलने उभं राहायचं, नाहीतर मान चुलत घराकडे जाणार. चुलतभाऊ वसंत तयारच होता. त्याने म्हणे धोतरसुद्धा घेऊन ठेवलं होतं.

“गेलो तर जावंदे मान,” बाबल म्हणायचा. पण त्या दिवसांत त्याने कापलेली भोकं वाकडी यायची. मला त्याची काळजी वाटायची.

सराव व्हावा म्हणून एका वास्तुशांतीला मी त्याला पुढे केलं. माणसं गोल करून उभी राहिली. बाबल “बा देवा” एवढं म्हणाला, थांबला, आणि म्हणाला, “अँप्लिफायर गरम झालो काय बघून येतंय.” आत गेला तो मागच्या दाराने थेट एसटी स्टँडवर.

अँप्लिफायर अजून खोक्यातच होता.

* * *

आंबोलीचं एक गिऱ्हाईक पावसाळ्यात फोनवर सांगायला लागलं, की व्हरांड्यातला स्पीकर बंद केला तरी वाजतो. धुक्यातून घाट चढून गेलो. बाबलने जाळी काढली. आत एक बेडूक ऐसपैस बसला होता.

बाबलने त्याचं थोडा वेळ ऐकलं आणि जाळी परत लावली. “आपल्यापेक्षा ह्याचो बेस बरो आसा,” म्हणाला.

* * *

फोंडाघाटच्या एका व्यापाऱ्याने हौसेने खोलीखोलीत स्पीकर लावून घेतले. आठवडाभरात बोलावणं आलं, एका खोलीची वायर तोडायची आहे. घरच्यांना मोबाईलवरून सगळ्या घरात बोलता येतं, हा शोध शेटच्या बायकोला लागला होता.

“खंयच्या खोलीची तोडूची?” बाबलने विचारलं.

शेट आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, “मी आसंय त्या.”

* * *

देवबागच्या एका होमस्टेमध्ये बागेसाठी दगडासारखा दिसणारा स्पीकर बसवला. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर जास्वंद. तिसऱ्या दिवशी उदबत्ती. हे काम मालकाच्या काकीचं. मालकाला स्पीकर हलवायचा होता, पण काकी आडव्या आल्या. “कौल लावल्याशिवाय हलवूचो नाय.”

मग देवळात गेलो, देवाला पाकळ्या लावून विचारलं, आणि कौल डावा पडला. म्हणजे नाही! स्पीकर अजून तिथेच, गोठ्याकडे तोंड करून आहे. गाणी पाहुण्यांपेक्षा गोठ्यात जास्त ऐकू येतात.

“काकी, तो स्पीकर आसा,” बाबल निघताना म्हणाला.

“माका म्हायत नाय काय?” काकी म्हणाल्या. “पण देव कोणाच्या तोंडान बोलात, तुका सांगूक येता?”

काकीचं बोलणं बाबलच्या डोक्यात घोळत असावं. त्या दिवशी तो बोटीसारखा डोलत गाडी चालवत होता. मी मात्र घट्ट धरून बसलो होतो.

* * *

जत्रेआधी देवळाच्या कमिटीने आम्हाला सभामंडपाच्या छतात स्पीकर बसवायला सांगितलं. जुना भोंगा फाटला होता. बॅटरी बॅकअपही घ्या, असं मी सुचवलं. त्यावर “पुढच्या वर्षी बघूया” असं ठरलं. बाबलने एकच अट घातली. माइक बाजूच्या कोठीच्या खोलीत, आणि दार बंद.

“गाऱ्हाणा घालणारो दिसाक नको?” वसंतने विचारलं.

आबांनी हात वर केला. आवाज नव्हताच, नुसता वारा आला. “देवाक दिसता मा? पुरे.”

जत्रेच्या दिवशी दुपारी मंडप भरला. आबा पुढे खुर्चीत, मी त्यांच्या शेजारी, वसंत नव्या धोतरात. बाबल कोठीत शिरला, दार लागलं. छतातून आवाज उतरला, “बा देवा म्हाराजा!” मंडपाने “व्हय म्हाराजा!” म्हटलं आणि मी श्वास सोडला.

एवढ्यात पंखे हळू झाले आणि थांबले. लाइट गेली. छत गप्प झालं. वसंतने घसा साफ केला आणि एक पाऊल पुढे टाकलं.

पण कोठीच्या लाकडी दारामागून आवाज चालूच होता. “जो कोण मुंबैक गेलो हा, जो कोण दर्यात गेलो हा, तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मंडप म्हणाला. बाहेर खाजं विकणारे मिठाईवाले बसतात, तिथूनही उत्तर आलं. वसंतच्या तोंडूनही निघून गेलं. दारामागे बाबल एकेक मागणं मागत राहिला. गुरं, आंबा, काजू, आजारी माणसं, काही म्हणजे काही सोडलं नाही.

शेवटी दार उघडलं. बाबल घामाने भिजला होता. कुणाकडे न बघता तो सरळ आमच्याकडे आला.

“स्पीकर बरो वाजलो मा?”

मी वर थांबलेल्या पंख्याकडे बघितलं. आबांनी मुलाचं मनगट धरलं आणि त्याला जवळ ओढलं.

“एक नंबर वाजलो,” ते म्हणाले.