ताप गेला, सूज राहिली

नागावच्या नारळींवर अंबाजी तीस वर्षं चढत होता. कंबरेला कोयता, पायात दोराचा फास, आणि बघता बघता माणूस शेंड्यात.

सप्टेंबरात गावात चिकनगुनिया आला. अंबाजी आणि त्याची बायको राही एकाच दिवशी तापाने आडवे झाले. दहाव्या दिवशी राही उठून कामाला लागली. ताप अंबाजीचाही उतरला, पण मनगटं, घोटे, बोटांची पेरं सुजली ती सुजलीच. सकाळी मूठ वळायची नाही. परसात जायचं तरी भिंत धरून.

एरंडाची पानं बांधून झाली, निर्गुडीचा शेक झाला, हरिहरेश्वराला नवस बोलून झाला. दिवाळी गेली, शिमगा आला, सूज हलेना. वाडीचे मालक अण्णा आधी विचारपूस करायचे. एक दिवस म्हणाले, "अरे, तुझ्या बायकोलाही तोच ताप होता ना? ती बघ कशी राबतेय."

आपण अंग तर चोरत नाही ना, हा किडा अंबाजीच्याही डोक्यात शिरला होता.

दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता तो झाडावर चढू लागला. निम्म्यावर पोचला आणि मनगटातून अशी कळ गेली की पकडच सुटली. त्याने खोडाला मिठी मारली. वर जाववेना, खाली उतरवेना. "राहे! अगं राहे!" त्याची हाक ऐकून राही धावली, तिने आरडाओरडा करून माणसं जमवली. शिडी लावून त्याला उतरवलं, तेव्हा तो बावन्न वर्षांचा गडी सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडला.

राही त्याला अलिबागला डॉक्टर कल्पिताबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी रक्त तपासलं. म्हणाल्या, "विषाणू आता कुठे सापडत नाही."

"मंग हे काय हाय? मी सोंग करतो व्हय?"

"नाही हो. रक्तातल्या ज्या पेशी विषाणूशी लढतात, त्यांच्यातली सूज आणणारी जनुकं तापात जागी होतात. तेव्हा ती लागतातच. ताप गेला की ती शांत व्हायला हवीत. राहीताईंची झाली. तुमची अजून जागीच आहेत. लढायला समोर कोणी नाही, तरी लढतायत, आणि त्यात तुमचे सांधे भाजून निघतायत."

"मंग सांगा की त्यांना, लढाई संपली म्हणून!"

डॉक्टर हसल्या नाहीत. "गोळ्यांचं काम तेच. पण सगळ्यांच्या पेशी ऐकतातच असं नाही."

बाहेर येताच अंबाजीने राहीचा दंड धरला. "ऐकलंस ना? मी अंग चोरत नव्हतो."

गोळ्यांनी तोंड आलं, जेवण तुटलं. पाऊस सुरू झाला तोवर मूठ कशीबशी अर्धी वळू लागली. अण्णांनी दुसरा माणूस लावला. झाड आता आपल्या नशिबात नाही, हे अंबाजीला कोणी सांगायची गरज नव्हती.

चुलीपुढे राही भाकरी थापायची तेव्हा तो तिची बोटं बघत बसायचा. तोच ताप, तेच घर. मग हिचेच हात मोकळे का? मत्सर वाटायचा आणि पाठोपाठ स्वतःचीच किळस यायची. एकदा त्याने ताट ढकलून दिलं.

राहीने ते पुन्हा पुढ्यात सरकवलं. "माज्यावर रागवायचं तर रागवा," ती म्हणाली, "पन जेवा."

त्याने भाकरी तोडायचा प्रयत्न केला. तुटेना, तेव्हा राहीने तोडून दिली.