दर मंगळवारचं पाकीट

“बाबा, मी ईमेल करते ना! आता कागद कोण वाचतं?”

“ईमेल न वाचता पुसता येतो. पाकीट निदान फोडावं तरी लागतं!”

“आणि सत्तरीच्या वरच्यांनी घरात बसायचं, सांगितलंय ना?”

“टपालपेटीपाशी गर्दी कुठली? मी आणि ती पेटी.”

इथे आयर्लंडात, मेनूथला, आमच्या कुंपणापलीकडे वीणा आणि तिचे वडील पद्माकरराव असे भांडत होते. मी कपडे वाळत घालत होते. एकच टॉवेल तीनदा झटकला. भांडण माझ्यावरूनच होतं ना!

मी लेकाकडे, रविकांतकडे, तीन महिन्यांसाठी आले आणि करोनाने विमानं बंद झाली. एकवीस साली म्हाताऱ्यांना लस सुरू झाली, पण मी पडले पाहुणी. माझं नाव कुठल्याच यादीत नाही. वय सत्त्याहत्तर, त्यात दमा. रविकांत फोन करून करून थकला.

पद्माकरराव तिकडे देशात भूमी अभिलेख कचेरीत दस्तांच्या नकला करणारे कारकून होते. मोडी वाचायचे. कंपनी सरकारच्या वेळी कोकणात असलेल्या एका आयरिश डॉक्टरची पत्रं वीणाच्या कॉलेजात होती. गावोगाव देवी टोचत फिरणाऱ्या माणसाने त्याला मोडीत लिहिलेली. वीणा त्यांचे फोटो आणायची, हे मला कुंपणावरून वाचून दाखवायचे. “लस वाळली. दुसरी पाठवावी. पोरं खोळंबली आहेत.”

“हे परवाच वाचलंत की,” मी म्हटलं.

“ते चौथं, वहिनी. हे नववं. दहाव्यानंतर लस आली, दोन काचांमध्ये जपून.”

त्यातूनच त्यांनी ही युक्ती घेतली. दर मंगळवारी इथल्या डॉक्टरला माझ्यासाठी एक पत्र. सहाव्यानंतर दवाखान्यातून वीणाला फोन आला. तिथली बाई हसत होती म्हणे: “आजींना शुक्रवारी पाठवा. आणि तुमच्या वडिलांना सांगा, अक्षर ग्रँड आहे, पण आता पुरे!”

मी बारा लाडू नेऊन दिले.

“इतके?”

“पत्रामागे दोन.”

आज माझा श्वास चालतोय, त्यात या माणसाचा वाटा आहे. मी दुसरी शिकलेली. हे माझं अक्षर त्यांनी पाहिलं असतं, तर पुन्हा लिहायला लावलं असतं.

ऑक्टोबरात ते झोपेतच गेले. आदला दिवस मंगळवार होता. मलिंगार गावात वीणाची मैत्रीण विद्या, तिची सासूही अशीच अडकलेली, तिचं नाव अजून यादीत लागलं नव्हतं. बाहेर भुरभुर होती. तिच्यासाठीचं पाकीट कोटाच्या आत, टोपी कानापर्यंत. त्यांनी हिरव्या टपालपेटीत पाकीट टाकलं, नीट आत गेलं का ते वाकून बघितलं, आणि परत येऊन घराच्या दारातून ते ओरडले, “वीणा, चहा टाक गं.”