गुरुजींचा शब्दकोश आणि माझं लिनक्स

अठ्ठ्याण्णव साली इंदापूरला एसटी स्टँडसमोर, एका झेरॉक्सच्या दुकानावर माझा कॉम्प्युटर क्लास होता. खोली एक, कॉम्प्युटर दोन आणि रिबन वाळली की चिडणारा एक प्रिंटर. मी राहायचो पिंपळीला. सकाळच्या एसटीनं यायचो आणि दिवेलागणीला परतायचो.

त्या वर्षी दिवाळीनंतर निमगाव केतकीचे एक निवृत्त गुरुजी जिना चढून आले. डोक्याला पांढरा पटका, हातातल्या पिशवीत वह्या. आधी पायरी चाचपायची, मग पाय टाकायचा, असं त्यांचं चालणं.

"हितं मराठी टाईप हुतं म्हणं?" त्यांनी विचारलं.

होत होतं. दोनपैकी एका कॉम्प्युटरमध्ये मी पुण्याहून आणलेलं मराठी अक्षरांचं कार्ड बसवलं होतं. त्याच्याशिवाय त्या काळच्या मशीनला मराठी येत नसे.

गुरुजींच्या घरात वडिलांपर्यंत मेंढरं होती. पुढं कळप मोडला, भावांनी ऊस केला, हे शाळामास्तर झाले. पण मेंढपाळांच्या बोलण्यातले शब्द ते तीस वर्षं, एकेका अक्षराला एक वही करून, लिहून ठेवत आले होते. मेंढरांच्या रंगाचे, कानांच्या ठेवणीचे, गवताचे, लोकरीचे, आजारांचे शब्द. त्यांना त्याचा कोश करायचा होता. अडचण अशी की डोळ्यांना काचबिंदू झाला होता आणि स्वतःचंच अक्षर त्यांना आता लागत नव्हतं. बारामतीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल तेही सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी त्यांच्या वहीतला एक पानभर मजकूर मी टाईप केला आणि अक्षरं मोठी करून दाखवली. काळ्या पडद्यावर पांढरी, बोटभर उंचीची अक्षरं. गुरुजींनी खुर्ची पुढं ओढली. नाक काचेला टेकेल इतके जवळ गेले.

"हे दिसतंय मला," ते म्हणाले. मग पुन्हा, "अहो सर, हे दिसतंय की!"

तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते यायचे. आदल्या खेपेचा मजकूर ते पडद्यावर वाचायचे आणि चुका काढायचे. "तिथला न काढा, ण पायजे. आमच्यात तसं म्हणत न्हाईत." निम्म्याहून जास्त वह्या संक्रांतीच्या आत टाईप झाल्या. तपासून मात्र थोड्याच झाल्या होत्या, कारण वाचण्यात त्यांना घाई नसायची. एकेक शब्द ते चवीनं वाचत.

त्याच सुमारास एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी मिळाली. मी सव्वीस वर्षांचा होतो. जगभरची माणसं एकमेकांना न भेटता कॉम्प्युटर चालवणारी एक प्रणाली लिहितात आणि फुकट वाटतात, या कल्पनेनं मी भारावून गेलो. त्यात विद्यार्थ्यांच्या फ्लॉप्यांतून येणाऱ्या व्हायरसनं माझी मशीनं दोनदा आडवी केली होती. एका रविवारी मी दोन्ही कॉम्प्युटरांवरचं जुनं सगळं पुसलं आणि लिनक्स घातलं. गुरुजींचा मजकूर आधी फ्लॉप्यांवर उतरवून ठेवला होता, त्यामुळं मी निर्धास्त होतो.

लिनक्सला ते मराठी कार्ड ओळखता येईना. ते चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, त्यात नव्हताच. असणार कसा? ज्यांनी लिनक्स लिहिलं, त्यांच्यापैकी कुणीच असलं कार्ड पाहिलेलं नव्हतं. गुरुजींची फाईल उघडली की डोक्यावर टिंबं असलेली कुठलीतरी परदेशी अक्षरं पडदाभर सांडायची. जुनं परत घालावं म्हणून कार्डाबरोबर आलेली फ्लॉपी काढली, तर तिला बुरशी लागलेली. पुण्याच्या दुकानात फोन केला. "ते कार्ड बंद झालं," एवढंच उत्तर मिळालं.

मंगळवारी गुरुजी आले. मी म्हणालो, "थोडी अडचण आहे. आठ दिवसांत होईल."

बारामतीला एका मित्राच्या ऑफिसात इंटरनेट होतं. तिथून मी लिनक्सवाल्यांना पत्र पाठवलं. पोलंडमधल्या एका विद्यार्थ्यानं उत्तर दिलं. त्यानं आस्थेनं विचारलं होतं, हे कार्ड किती जण वापरतात, त्याच्या आतल्या रचनेचे कागद मिळतील का. कागदांसाठी कार्ड बनवणाऱ्यांना लिहिलं. माहिती देता येत नाही, असं दोन ओळींचं पत्र आलं. मग त्या पोरानं लिहिलं, कार्डच पाठव, मी बघतो.

पाठवण्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. क्लासला एका पतसंस्थेतले क्लार्क यायचे. ते म्हणाले, "सर, आमच्याकडं हेच कार्ड हाय. त्याची फ्लॉपी कॉपी करून आणू का? उद्या चालू हुईल तुमचं."

मी म्हणालो, "नको. आता आपलं होतच आलंय."

खरं सांगायचं तर काहीही होत आलेलं नव्हतं. पण जुन्याकडं परत जाणं ही मला हार वाटत होती. आपल्या मराठीचा ड्रायव्हर लिनक्समध्ये जावा, तो आपल्यामुळं जावा, एवढंच डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी स्वेटरमध्ये गुंडाळून मी ते कार्ड परदेशी पार्सलनं रवाना केलं.

गुरुजी येत राहिले. कार्ड कुठं गेलंय ते मी सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं. "तिकडं मेंढरं असतील का हो?" एवढंच विचारलं. हळूहळू ते एकटे यायचे बंद झाले. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, हाताला धरून आणायच्या. मग शुक्रवार सुटला. मग मंगळवारही.

आषाढात कार्ड परत आलं, सोबत त्या पोलंडच्या पोरानं लिहिलेला ड्रायव्हर. अक्षरं उमटली, पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागं पडायची आणि जोडाक्षरं फुटायची. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते! मी कागदावर अक्षरं काढून, बाण दाखवून त्याला पाठवली. त्यानं दुरुस्त केलं, मी तपासलं, पुन्हा पाठवलं. गणपती उठल्यावर दोन दिवसांनी पडद्यावर शुद्ध मराठी आली.

मी क्लासला कुलूप लावलं आणि मिळेल त्या एसटीनं निमगावला गेलो. गुरुजी अंगणात बाजेवर बसले होते. "झालं, गुरुजी!" मी लांबूनच ओरडलो. ते लगेच पटका बांधायला लागले. काकूंनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांच्या चपला आणून पायाशी ठेवल्या.

क्लासमध्ये मी त्यांना खुर्चीत बसवलं. पहिलं पान उघडलं आणि अक्षरं होतील तेवढी मोठी केली. गुरुजी पुढं वाकले. थोडा वेळ तसेच बसले.

"चालू केलं का?" त्यांनी विचारलं.

पडदा त्यांच्या तोंडासमोर उजळलेला होता. काकूंनी पदर तोंडाला लावला. मी म्हणालो, "केलंय, गुरुजी." त्यांनी हात पुढं करून काच चाचपली, ती गरम लागली असावी. "आसं व्हय," ते म्हणाले आणि हात मागं घेतला.

मग आम्ही दुसरा मार्ग धरला. मी वाचायचं, त्यांनी ऐकायचं. पण ऐकून न आणि ण कळतो, ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. म्हणून मी एकेक अक्षर फोडून सांगायचो. दिवसाला पान-दीड पान व्हायचं. कंटाळले तरी ते एक शब्द सोडून पुढं जाऊ देत नसत. 'न' अक्षराचे शब्द संपेपर्यंत आम्ही असेच रेटत गेलो.

एका मंगळवारी मला राहवलं नाही. मी त्यांना पतसंस्थेतल्या फ्लॉपीचं सांगितलं. ती मिळत होती, मी नको म्हणालो होतो.

गुरुजींनी पडद्याकडचं तोंड माझ्याकडं वळवलं. मग त्यांनी विचारलं, "कुठला महिना हुता?"

"फाल्गुन."

"फाल्गुनात मला दिसत हुतं," ते म्हणाले.

आवाज चढला नाही, रागाचा शब्द नाही. काकूंना म्हणाले, "चल, गाडीची येळ झाली." त्यानंतर ते आले नाहीत. दोनदा मी निमगावला गेलो. दोन्ही वेळा काकूंनी चहा दिला आणि ते आत झोपलेत म्हणून सांगितलं. दुसऱ्या खेपेला आतून त्यांच्या खोकल्याचा आवाज आला.

पुढच्या वर्षी क्लास बंद करून मी पुण्याला नोकरी धरली. गुरुजी गेल्याचं मला महिन्यानं कळलं. तो ड्रायव्हर लिनक्समध्ये गेला. तो लिहिणाऱ्यांच्या यादीत त्या पोराच्या नावाखाली, मदतीबद्दल आभार म्हणून माझंही नाव होतं. तोवर ते कार्ड इंदापुरात कुणी वापरत नव्हतं, त्या पतसंस्थेतसुद्धा.

कोशाची छापील पानं माझ्यापाशी आहेत. 'न' अक्षरापर्यंतची त्यांनी तपासलेली. 'प'पासून पुढं चुका आहेत हे मला माहीत आहे. अनेकदा ती पानं घेऊन बसतो, पण कुठला शब्द चुकलाय ते मला ओळखता येत नाही.