हाराआडचा दिवा

झेंडूचा वास मला सोसत नाही असं सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. देवघरात, दारावरच्या तोरणात, पौडच्या बाजारात रस्त्याकडेला ओतलेल्या ढिगांत तो वास मलाही चालतो. पण त्यात मशीनच्या तेलाचा वास मिसळला की मला तिथे उभं राहवत नाही. आज खंडेनवमी. सकाळपासून खाली कारखान्याच्या शॉपमध्ये पूजेची धांदल चालली आहे, आणि वरच्या केबिनच्या काचेतून मी ती बघते आहे. फरशी धुऊन रांगोळ्या घातल्यात, पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या प्रेस मशीनना हळदीकुंकवाची बोटं लागलीत, नवी शिकाऊ मुलं हार घेऊन शिड्यांवर चढलीत. मघाशी त्यातल्या एकीनं खालून हाक मारली, "मॅडम, हार मधोमध घालू का? फोटो भारी येईल." मी "नको" म्हणाले ते इतक्या तुटकपणे, की ती बिचारी शिडीवरच वरमली. मग खाली जाऊन तिला समजावलं की मधोमध घातला की सेन्सर झाकला जातो. ती "ओके मॅडम" म्हणाली आणि हसली. तिला कळलं असेल तेवढं कळलं असेल. मी वर येऊन पुन्हा काचेपाशी बसले.

मीही याच शॉपमध्ये शिकले. चार दिवस कंपनी, दोन दिवस कॉलेज आणि तीन वर्षांनी पदवी, असा तो अभ्यासक्रम होता. निम्मे गुण परीक्षेचे, निम्मे कामाचे, आणि कामाचे गुण सुपरवायझर देणार. कंपनीनं नापास केलं तर कॉलेजला काही बोलता येत नसे. त्या वेळी आम्हाला यात काही वावगं दिसलं नाही. आमच्या गावी, भुकूमला, भाताच्या खाचरांवर तोवर भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या होत्या, आणि मुलगी हातात पदवी आणि नोकरी दोन्ही घेऊनच बाहेर पडणार म्हणून वडील भाडेकरूंनासुद्धा थांबवून सांगत असत. त्याच खोल्यांपैकी शेवटच्या खोलीत माझ्या वर्गातली, मशीनवरची माझी जोडीदारीण राहायची. मुळशी धरणाच्या वर, जिथे पावसाळ्यात एसटी पोचेलच असं नाही, अशा वाडीवरची ती धनगराची मुलगी. घरी शेळ्या-मेंढ्या, शिक्षण बारावीपुढे गेलेली ती पहिलीच. बोलायला रोखठोक, कामाला वाघीण, आणि पदवीचा फोटो कसा काढायचा हे तिनं पहिल्याच वर्षी ठरवून ठेवलेलं. आई-बापाला मधे उभं करायचं आणि टोपी बापाच्या डोक्यावर ठेवायची. मी तिला त्यावरून फार चिडवायची.

आमचे सुपरवायझर, त्यांना आम्ही काका म्हणायचो, तसे भले माणूस. डबा उघडला की आधी आम्हाला वाढत. तरुणपणी एका जुन्या प्रेसखाली त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. आम्हाला पहिला धडा त्यांनी तो हात पुढे करूनच दिला. बोटं गेली त्याच्या पुढच्या खंडेनवमीला त्यांनी प्रत्येक मशीनला समोरून मोठा हार घालायचा परिपाठ सुरू केला, आणि तो हार कुणी काढायचा नाही, सुकून आपोआप गळेपर्यंत राहू द्यायचा, असा दंडक घातला. तेव्हापासून शॉपमध्ये कुणाचं नख तुटलं नाही, असं ते सांगत. ही त्यांची श्रद्धा होती आणि त्या हाताकडे बघितल्यावर तिला हसायची कुणाची छाती नव्हती.

आम्ही शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा एक नवी प्रेस आली. तिच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना सेन्सर होते. मधून प्रकाशाचा न दिसणारा पडदा असे. हात आत असला की पडदा तुटे आणि प्रेस जागच्या जागी थांबे. पडदा शाबूत असला की वर एक हिरवा दिवा जळत राही. खंडेनवमीला काकांनी नेहमीसारखा समोरून हार घातला. फुलं पडद्याच्या आड आली आणि प्रेस चालू होईना. मालक प्रसादाचं ताट घेऊन उभे, मुहूर्ताचा पहिला नग काढायचा होता. काकांनी खिशातून किल्ली काढली आणि सेन्सर बंद केला. धाडकन पहिला नग पडला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दसऱ्याची सुट्टी संपवून कामाला आलो तेव्हा हार तिथेच होता, दिवा विझलेला होता, आणि त्या मशीनवर आम्हा दोघींची पाळी होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती, सुट्टीनंतर मी.

ते दिवस मला नीट आठवतात, आणि आठवायला नको असतात. मशीन तेच, पायाखालचं पेडल तेच, आवाज तोच. पत्र्याचा तुकडा आत ठेवायचा, हात मागे घ्यायचा, पेडल दाबायचं. पण आता हात आणि वरून येणारा तो लोखंडी ठोकळा यांच्यामध्ये कुणीच उरलं नव्हतं. मी मनातल्या मनात स्वतःला हुकूम सोडायची, ठेव, काढ, दाब. जेवण झाल्यावर डोळ्यांवर पेंग यायची तेव्हा हे शब्द मागेपुढे व्हायचे आणि मी दचकून जागी व्हायची. हार रोज थोडा काळवंडत होता, पण दोरा पक्का होता. गळायचं नाव नाही. रात्री मी तिच्या खोलीवर अभ्यासाला जायची, तिथे आम्ही दोघी तो विषय टाळून परीक्षेचंच बोलायचो.

शेवटी तीच बोलली. सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी ती काकांसमोर उभी राहिली.

"काका, दिवा इझलाय. हार काढा न्हाईतर किल्ली लावा."

"गळंल की. देवाचा हार हाय तो, त्यो राखतोय तुमाला."

"देव राखंल. पर त्यो दिवा बी राखत हुता. त्याला कशापाई झाकलंय?"

काकांनी ती दोन बोटं नसलेली मूठ कपाळाला लावली. "पोरी, लई शहाणपण करू नको. गुण मी देनार हाय तुला."

रागात त्यांच्या तोंडून गेलं असेल, पण गेलं. ती मशीनवर जाऊन बसली. आम्ही दोघी त्याच दिवशी मॅनेजरला भेटू असं मी तिला म्हणाले. "जेवल्यावर," ती म्हणाली. जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडताच शॉपमध्ये परत गेली. मी पोचले तेव्हा तिनं हार दोन्ही हातांनी उतरवून देवाच्या फोटोपुढे ठेवला होता, आणि काकांच्या टेबलावरची किल्ली घेऊन सेन्सर सुरू केला होता. दिवा लागला होता. "बस आता," ती मला म्हणाली.

त्या दुपारी प्रेस एकदा अर्ध्यावर थांबली. वरचा ठोकळा खाली यायला निघाला आणि मधेच अडला. मी खाली बघितलं. माझा उजवा हात मनगटापर्यंत आत होता. पेडल मी कधी दाबलं, मला माहीत नाही. मी हात काढून घेतला आणि तो मांडीवर ठेवून बसून राहिले.

मी काकांना सांगितलं, मग मॅनेजरला सांगितलं. काकांचं लक्ष देवाच्या फोटोपुढच्या त्या हाराकडे होतं. आता काहीतरी होणार, एवढंच ते पुटपुटत होते. मॅनेजरनं शांतपणे विचारलं, "मशीन थांबली ना? म्हणजे काही झालं नाही." परवानगीशिवाय किल्लीला हात लावला, वरिष्ठांचा मान राखला नाही, असे शेरे मारून कंपनीनं तिला नापास केलं आणि पुढे ठेवून घेतलं नाही. अशी मुलगी घ्यायला दुसरी कंपनी तयार होईना, आणि कंपनी नाही तर पदवी नाही. मी कॉलेजात जाऊन पुन्हा सगळं सांगितलं. तिथेही त्यांनी झालेल्या अपघाताची नोंद आहे का म्हणून विचारलं. मला तेव्हा राग आला होता, आजही येतो. न झालेला अपघात कुणाच्या टेबलावर नेऊन ठेवायचा?

प्रेस अडली त्याच संध्याकाळी तिच्या खोलीवर मी तिला सांगितलं होतं की माझा हात आत होता. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. तिनं फक्त विचारलं, "कोन्ता?" मी म्हणाले, "उजवा." मग तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्यासमोर ताट सरकवलं. महिना भरायच्या आत ती खोली सोडून वाडीवर गेली. मी पास झाले, इथेच लागले, वर आले. काका निवृत्त होऊन गेले. जाताना मला म्हणाले की तुमच्या वेळी कुणाला काही इजा झाली नाही, ही देवाचीच कृपा. मी वाद घातला नाही, कारण कुणाचीही असो, ती कृपा माझ्या मनगटाला लागून गेली होती.

गेल्या उन्हाळ्यात ती मला पौडच्या स्टँडवर भेटली. धरणाजवळच्या एका रिसॉर्टमध्ये खोल्यांची देखरेख करते. अंगानं भरली आहे, बोलणं तसंच आहे. मुलं किती, घर कुठं, असं मीच विचारत होते. तिनं माझ्या नोकरीचं काही विचारलं नाही, पदवीचंही नाही. तिची गाडी लागली तशी तिनं पिशवी काखेत मारली, माझा उजवा हात हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला, एकेक बोट दाबून बघितलं.

"चांगला हाय," ती म्हणाली, आणि गाडीत चढली.