मांडीवर मिक्सर, वसई ते शिरगाव

"फादर, तेच पाप. चिकूच्या वड्या."

जाळीपलीकडून मोठा उसासा आला. "बाई, देवानं तुम्हाला पहिल्याच वर्षी माफ केलंय. चार उपवासकाळ झाले, तुम्ही तेच सांगताय. यंदा प्रार्थना वगैरे काही नको. त्या बाईंना जाऊन भेटा. हेच तुमचं प्रायश्चित्त."

कुमसार, म्हणजे पापनिवेदन, करून मी बाहेर आले ती घाम पुसतच. तर आमची पालघर-तारापूरची सहल अशी ठरली.

आधी पाप सांगते. मी निवृत्त शिक्षिका. शिरगावच्या शाळेत सहा वर्षं होते, तेव्हा कुंदाताईंच्या वाडीत एक खोली घेऊन राहायचे. त्यांनी मला चिकूच्या वड्या शिकवल्या: चिकू अर्धवट उन्हात सुकवायचे, तुपावर परतायचे, वर चिमूटभर सुंठ. चार वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या महिला मंडळात नाताळची पाककला स्पर्धा होती. त्याच वड्यांना पहिला नंबर मिळाला. माइकवर विचारलं, कृती कोणाची? मी छाती फुगवून म्हटलं, "माझ्या आजीची." आजीला चिकूच्या नुसत्या वासानं मळमळायचं. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, तो फिरत फिरत शिरगावला पोचला, आणि दर रविवारी येणारा कुंदाताईंचा फोन बंद झाला. मी तरी कुठल्या तोंडानं करणार?

बक्षीस होतं मिक्सर. तो परत करायचा, असं मी ठरवलं.

झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी सातला स्कूटरवरून निघालो. पुढे माझे यजमान पास्कू, मागे मी, माझ्या मांडीवर मिक्सर. महामार्गानं मनोरपर्यंत जायचं आणि तिथून पालघरकडे वळायचं. सावकाश गेलं तर अडीच तास धरा. मनोरला नाश्ता करून घ्या, वडापाव गरम मिळतो. उपवासकाळाचे चाळीस दिवस मी मासे सोडलेत. पास्कूनं गोड सोडलंय. साखरेमुळे डॉक्टरांनी ते आधीच बंद केलं होतं, पण देवाला काय, चालतं.

पालघरला पोचलो. इथून एक रस्ता शिरगावला जातो, दुसरा बोईसरला.

"आधी बोईसर," मी म्हटलं.

"बोईसरला कोण आहे?"

"तारापूरचा किल्ला बघू. माझ्या प्रवासाच्या ब्लॉगसाठी."

पास्कूनं स्कूटर बोईसरकडे वळवली. त्याची पाठ मात्र बोलत होती.

बोईसरला कारखान्यांच्या रस्त्यावर चहाला थांबलो. बाकावर ड्युटी संपवून आलेला एक कामगार बसला होता. त्यानं खोक्याकडे पाहिलं. "भाभीजी, मिक्सर बेचना है क्या? चालू है ना?"

खरं सांगते, क्षणभर मोह झाला. मिक्सर नाही तर मग परत करायचं तरी काय, असा सरळ हिशोब. सैतान असा चहा पिता पिताच भेटतो. पास्कू म्हणाला, "भाई, वो पाप का है." माणूस घाईनं दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

तारापूरचा किल्ला आम्ही बाहेरूनच पाहिला. पुढे चिंचणीच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत बसलो. जागा सुंदर आहे, पण मला काही दिसत नव्हतं. मी भाषण पाठ करत होते. "झालं का पाठ?" पास्कूनं तिसऱ्यांदा विचारलं. शेवटी त्यानं स्कूटर सुरूच केली.

शिरगावात शिरताना सातपाटीकडून वाळत्या बोंबलांचा वास येत होता. मार्चमध्ये मासे सोडणाऱ्यांनी हा रस्ता टाळावा.

कुंदाताई ओटीवर चिकू निवडत होत्या. केस पार पांढरे झालेत. मला बघून हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"बसा बाई."

मी उभ्यानंच भाषण सुरू केलं. दुसऱ्या वाक्याला अडखळले. मिक्सर पुढे केला.

"ह्यो कशाला?" त्या म्हणाल्या. "मला मिक्सर नको हाय. भाचीनं व्हिडिओ दाखवला. मी बघत बसले. बोलले, आता बाई नाव घेतील. आता घेतील. मग व्हिडिओ संपला."

मी चार वर्षं फादरांना चोरी सांगत होते. खरी गोष्ट एवढीच होती, ही बाई माझ्या तोंडून स्वतःचं नाव ऐकायला थांबली होती. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"चुकलं माझं, कुंदाताई. माफ करा."

"जेवलात काय?"

आत बोय माशांचं कालवण शिजलं होतं. पास्कू माझ्याआधी पाटावर बसला. कुंदाताईंनी सुनेला हाक मारली, "बाईंच्या ताटात मासा वाढू नको गं. त्यांचा ईस्टरपर्यंत उपास असतो. वाल टाक."

मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. सहा वर्षं माझ्यासाठी वेगळी भाजी करायच्या, ते त्यांच्या लक्षात होतं. एवढा राग धरून बसल्या होत्या, त्यातही लक्षात होतं. चर्चमध्ये कृपा हा शब्द मी हजारदा वाचलाय, माइकवरून, स्पष्ट उच्चारांत. त्या ताटावर मी रडले.

"माफ केलंत का?" मी नाक पुसत विचारलं.

"नाय. वाल घ्या आणखी."

संध्याकाळच्या आत घरी पोचलो. मिक्सर मी त्यांच्या ओटीवर ठेवून आले. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना झाल्यावर महिला मंडळासमोर माइक मागून घेतला आणि सांगितलं, "वड्या माझ्या आजीच्या नव्हत्या. शिरगावच्या कुंदाताईंच्या होत्या. मी खोटं बोलले." पास्कूनं व्हिडिओ काढला, अर्ध्यात त्याचा अंगठा. तोच शिरगावला पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही.

बुधवारी फोन वाजला. चार वर्षांनी ते नाव स्क्रीनवर.

"बाई, मिक्सरचं छोटं भांडं गळतं. तुमाला म्हाईत होतं?"

"होतं," मी म्हटलं.

"आनि तसंच दिलंत?" मी हो म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "ईस्टर झाला की नवीन भांडं घेऊन या. बोय आणून ठेवते."

फोन ठेवला तेव्हा मला हसूही येत होतं आणि रडूही. माफ केलं, असं त्या अजून म्हणालेल्या नाहीत. मीही परत विचारलेलं नाही.

"मोठं भांडंही गळतं ना गं?" पास्कूनं पेपरातून डोकं काढलं. "ते का नाही सांगितलंस?"

म्हटलं, "त्यानंतरही शिरगावला जायला काहीतरी निमित्त नको का?"