पावसाच्या पाइपात साबणाचं पाणी

गच्चीवरून उतरणारा पावसाचा पाइप आठ महिने कोरडाच असतो, मग त्यात वॉशिंग मशीनचं पाणी सोडलं तर बिघडलं कुठं? पटतंय ना तुम्हाला? माले गावच्या सगुणाबाईंनाही पटलं होतं.

बाई साठीच्या. नवरा गेल्यावर मागच्या दोन खोल्या त्यांनी भाड्यानं दिल्या आणि यंदा मार्चात तिथलं मशीन गच्चीवर पत्र्याखाली नेलं. कैलास प्लंबर म्हणाला, खाली मोरीपर्यंत वेगळा पाइप आणावा लागेल, भिंतीला भोकं पाडावी लागतील. भिंतीचा रंग नवा होता. "त्यो पावसाचा पाइप हाय की हितंच," बाई म्हणाल्या, "रिकामाच तर असतोय." कैलासनं मशीनची नळी त्यात खुपसली, फटीत चिंधी कोंबली आणि गेला.

तो पाइप उतरतो बोअरशेजारच्या खड्ड्यात. तीन वर्षांपूर्वी आम्ही गावच्या पाणी समितीवाल्यांनीच दारोदार फिरून असे खड्डे काढायला लावले. दगड, खडी, वाळू भरायची, छताचं पाणी त्यात मुरवायचं, म्हणजे उन्हाळ्यात बोअर आटत नाही. बाईंची खरंच आटली नाही. होळीनंतर निम्मी आळी त्यांच्या दारात हंडे लावायची. नळाला कुलूप नाही, कुणाला नकार नाही. गावात बाईंना मान होता तो या पाण्यामुळं.

यंदा एप्रिलात भाडेकरीण शबनूर तान्ह्या मुलीची बाटली उकळत होती, तर पातेल्यात फेस. आळीनं लगेच गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या रिसॉर्टकडं बोट दाखवलं, त्यांचंच सांडपाणी मुरत असणार म्हणून. मीही तिथं जाऊन मॅनेजरला नको नको ते बोलून आलो. परतल्यावर शबनूरनं मला अडवलं. म्हणाली, "दादा, फेस रोज न्हाई येत. चाची मशीन लावत्यात, त्याच्या दुसऱ्या दिवशी येतोय."

गच्चीवर गेलो. चिंधी दिसली.

बाईंना वर बोलावलं. मी तापलेलोच, एवढंही कळू नये का म्हणालो. त्यांनी वाकून चिंधी उपसून काढली. मग म्हणाल्या, "खड्डा काडताना तुमी बोलला व्हता का, ह्यात दुसरं पानी सोडायचं न्हाई म्हून?"

बोललो नव्हतो.

त्याच दुपारी बाई घरोघर गेल्या. रिसॉर्टचं काही नाही, माझ्याच मशीनचं पाणी आहे, पिऊ नका, असं स्वतःच्या तोंडानं सांगत. शेजारच्या साळूबाईनं ऐकवलं, "म्हैनाभर साबण पाजलास व्हय गं आमाला?" बाईंनी मान खाली घातली.

आता भिंतीला भोकं पडलीत. वेगळा पाइप मोरीच्या गटाराला जोडलाय, बोअरपासून लांब. नळीचं टोक मशीनच्या माथ्याइतकं उंच बांधलंय, खाली लोंबलं तर मशीनमधलं पाणी आपोआप ओढलं जातं. खड्ड्यातली वाळू काढून नवी भरली, चार दिवस पंप चालवून पाणी उपसलं. तरी तपासणीला दिलेला दुसरा नमुनाही पिण्यालायक नाही असाच आला. दारात एक हंडा नाही. शबनूर टँकरचं पाणी भरते, आणि बाई तिला दिसू नयेत म्हणून मागच्या बाजूला जात नाहीत.

हे वाचून हळहळत बसू नका. उठा, मशीनची नळी हातात धरून तिचं पाणी शेवटी कुठं पडतं ते बघून या. बोअरच्या खड्ड्यात पडत असेल, तर प्लंबरच्या आधी शेजाऱ्यांना सांगा.