मी त्या माणसाच्या खुर्चीत बसले तेव्हा

भूतखेत, अंगात येणं यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. कोणी असलं काही सांगू लागलं की मी चहा ठेवायला उठायची. त्यामुळे हे लिहितानाही जरा लाज वाटते आहे... पण लिहिते.

मी नागपूरची, समुपदेशक. नवऱ्याच्या बदलीमुळे रायपूरला येऊन वर्षही झालं नव्हतं. छत्तीसगढी कानावर पडायची, पण बोलता येत नव्हती. नव्या राजधानीत, नवा रायपूरच्या एका सरकारी इमारतीत प्रोबेशन अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण होतं. कोर्टानं तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेली माणसं हे लोक सांभाळतात. त्यांच्या मनावरचा ताण कोण बघणार, म्हणून मला बोलावलं होतं.

त्या अधिकाऱ्यांत पन्नाशीचे मेश्राम होते, मूळचे आमच्या विदर्भाकडचेच. त्यांच्या देखरेखीखालचा बीरगांवचा एक कामगार तळ्यात मेलेला सापडला होता. जीव दिला की पाय घसरला, कोणालाच ठाऊक नाही. तेव्हापासून मेश्रामांची झोप उडाली होती आणि ते नोकरी सोडायला निघाले होते.

जेवणानंतर रोल-प्ले ठेवला. मी त्या कामगाराच्या जागी बसले, मेश्राम समोर. खिडकीबाहेर रखरखीत ऊन आणि मोठाले रिकामे रस्ते.

"त्याला विचारायचं राहिलं असेल ते मला विचारा," मी म्हटलं.

मेश्राम कसंबसं बोलले, "काहून गेला रे तू?"

मी नेहमीसारखं समजुतीचं काहीतरी बोलणार होते. तोंड उघडलं आणि—

"साहेब, मैं घरेच में रहेंव. तुमन कपाट ठठाएव, मैं नइ खोलेंव. तुमन केहेव, काली आहूं. मैं अगोरत रहेंव... अउ..."

आवाज माझाच, भाषा छत्तीसगढी, पण बोलत मी नव्हते! जीभ आपोआप हलत होती. इतकी घाबरले की दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. मेश्राम पांढरेफटक पडले होते.

नंतर व्हरांड्यात म्हणाले, "ताई, मी गेलो होतो त्याच्या घरी. दार वाजवलं, कोणी उघडलं नाही. उद्या येतो म्हटलं अन् निघालो. दुसऱ्या दिवशी कोर्टात अडकलो, अन् मंग तो तळ्यातच भेटला. हे मी बायकोलेही नाही सांगतलं. तुम्हाले कोणं सांगतलं?"

कोणीच नाही. 'कपाट' म्हणजे दार, 'अगोरत रहेंव' म्हणजे वाट पाहत राहिलो, 'अउ' म्हणजे आणि, हे अर्थसुद्धा मी त्यांनाच विचारले.

कुठेतरी ऐकलं असेल, मनात राहिलं असेल, अशी स्वतःची समजूत घालून पाहिली. पटत नाही. त्यानंतर मी रोल-प्ले घेतलेलाच नाही.

मेश्राम नोकरीत आहेत, पण अधूनमधून त्यांचा फोन येतो. "परत एकदा बसा ना, ताई. त्याचं बोलणं अर्धंच राहिलं. तो मले शिव्या देऊन राहिला होता का माफ करून राहिला होता, एवढंच कळू द्या."

मी दर वेळी नाही म्हणते. ज्या माणसाला धीर द्यायला गेले, त्याला मी अधांतरी लटकवून ठेवलंय, हे कळतं मला. पण भीती जात नाही... कारण त्या 'अउ'नंतरचा शब्द माझ्या जिभेवर आला होता. तो मी गिळला. काय होता, खरंच सांगता येत नाही.